हेन्लीचा नियम आणि चांदवडचा नौकापटू : दत्तू भोकनळ यांच्या कारकीर्दीचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

सन २०१६ च्या ऑगस्ट महिन्यात रिओ दि जानेरो येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत नौकानयनाच्या विभागात भारताचा एकच प्रतिनिधी होता. दत्तू बबन भोकनळ हे त्याचे नाव. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. पुरुषांच्या एकेरी नौकेच्या शर्यतीत ३२ स्पर्धकांमध्ये त्यांचा क्रमांक तेरावा लागला. या प्रकारात कोणाही भारतीयास ऑलिंपिकमध्ये त्यापूर्वी एवढे वरचे स्थान मिळाले नव्हते, व २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत ते पुढेही कोणास मिळाले नाही.

त्या वेळी वृत्तपत्रांनी ही हकीकत मोठ्या आस्थेने छापली. दुष्काळी गावातला विहीर खोदणारा मुलगा, पाण्याला भिणारा, आणि तोच पुढे पाण्यावरच्या शर्यतीत देशाचा प्रतिनिधी, हा विरोधाभास मनोवेधक होता यात संशय नाही. परंतु विरोधाभास सांगून झाला म्हणजे इतिहासाचे काम संपत नाही. खरे तर ते तेथून सुरू होते. कष्ट करणारी मुले चांदवड तालुक्यात पूर्वीही होती व आजही आहेत. मग त्यांपैकी एकाच्या हाती वल्हे आले ते कोणत्या मार्गाने? तो मार्ग कोणी बांधला होता, त्याच्या तोंडाशी पूर्वी कोणता अडसर होता, आणि तो मार्ग कितपत भक्कम ठरला? या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने भोकनळ यांच्या कारकीर्दीची मांडणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. मजुरास मज्जाव

नौकानयनाची शर्यत हा इंग्लंडातील विद्यापीठांनी व क्लबांनी घडवलेला खेळ. त्याची सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा टेम्स नदीवरील हेन्ली या गावी १८३९ पासून भरत आली आहे. या स्पर्धेच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत लावणारा मनुष्य हौशी नव्हे, एवढ्यावर ही व्याख्या थांबली नाही. जो यांत्रिक, कारागीर किंवा मजूर म्हणून हाताने काम करून वेतन मिळवतो, तोही हौशी नव्हे, असे तिने ठरवले. त्याने आयुष्यात एकदाही पैशासाठी वल्हे मारले नसले तरी त्याचा धंदाच त्यास अपात्र ठरवण्यास पुरेसा होता. या नियमाचे समर्थन असे केले जाई की, अंगमेहनतीच्या कामाने कमावलेले शरीर हा शर्यतीत अन्याय्य लाभ होय. प्रत्यक्षात नियमाने राखली गेली ती वर्गाची मर्यादा.

या नियमाचे परिणाम दोन प्रसंगांवरून स्पष्ट होतात. फिलाडेल्फियाचे जॉन केली हे तरुणपणी विटा रचण्याचे काम करीत. १९२० मध्ये हेन्लीच्या एकेरी शर्यतीसाठी त्यांनी पाठवलेला अर्ज नाकारला गेला. त्यांच्या क्लबाशी असलेला जुना वाद हेही त्यामागील एक कारण होते. तथापि त्यांचा धंदा हे कारण लोकांच्या स्मरणात राहिले. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केली यांनी एकेरी शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. अंतिम शर्यतीत त्यांनी मागे टाकलेले इंग्लंडचे जॅक बेरेसफर्ड हे त्या वर्षीचे हेन्लीचे विजेते होते. दुसरा प्रसंग १९३६ चा. बर्लिन ऑलिंपिकसाठी निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या आठजणांच्या नौकेत पोलीस शिपाई होते, म्हणून हेन्लीने त्यांस प्रवेश दिला नाही. यावर बराच गवगवा झाला व पुढील वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, मजुरास वगळणारे कलम रद्द झाले.

येथे तलवारबाजीचे उदाहरण तुलनेस उपयोगी पडते. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी शिकवून उदरनिर्वाह करणाऱ्या उस्तादांसाठी एक स्वतंत्र सामना ठेवण्यात आला होता, व तो जिंकणारे लिओनिदास पिर्गोस हे आधुनिक ऑलिंपिकमधील पहिले ग्रीक विजेते ठरले. म्हणजे खेळावर पोट भरणारा तलवारीचा उस्ताद ऑलिंपिकला चालत होता. खेळातून एक पैही न घेणारा गवंडी मात्र हेन्लीला चालत नव्हता. उस्तादाचे शिष्य सरदार-दरकदार व लष्करी अधिकारी असत आणि त्याच्या विद्येस दरबारी प्रतिष्ठा होती. गवंड्याच्या विटेस ती नव्हती. हौशीपणाच्या तत्त्वाचा उगम पैशाच्या तिटकाऱ्यात कमी व अंगमेहनतीच्या तिटकाऱ्यात अधिक होता, असा निष्कर्ष या दोन उदाहरणांवरून काढणे प्राप्त आहे.

हिंदुस्थानात हा खेळ आला तो याच वातावरणासह. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८ चा; मद्रास व पुणे येथेही एकोणिसाव्या शतकातच बोट क्लब निघाले. ते प्रथम गोऱ्या अधिकाऱ्यांचे व व्यापाऱ्यांचे होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये सुरू झाला, तेव्हा मराठी विद्यार्थ्यांच्या हाती शर्यतीचे वल्हे आले. परंतु तोही उच्च शिक्षण घेणाऱ्यांचाच वर्ग होता. होड्या हाकणारे कोळी, खारवी व नदीकाठचे नावाडी या देशात पिढ्यान्‌पिढ्या होते, पण त्यांच्या कौशल्याचा व शर्यतीच्या नौकेचा संबंध जुळला नाही. शर्यतीची एकेरी नौका सुमारे आठ मीटर लांब व अवघी चौदा किलो वजनाची असते. वल्हवणारा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून सरकत्या बैठकीवर बसतो, दोन्ही हातांत एकेक वल्हे धरतो, आणि त्याचा मुख्य जोर पायांतून येतो. अशी नौका मौल्यवान असते, ती ठेवण्यास जागा लागते, दोन हजार मीटरचे स्थिर पाणी लागते व शिक्षक लागतो. कायद्याचा अडसर १९३७ मध्ये गेला तरी साधनांचा अडसर तसाच उभा होता.

३. चांदवडचा पूर्वभाग

नाशिक जिल्ह्याचे पर्जन्यमान पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जाते. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस पडतो. चांदवड, येवला, नांदगाव हे पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत येतात. चांदवड हे इतिहासात अप्रसिद्ध स्थळ नव्हे. सातमाळा डोंगररांगेतील खिंडीजवळ, आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर ते वसले आहे. तेथे होळकरांचे ठाणे व टांकसाळ होती, व अहिल्याबाईंचा रंगमहाल आजही उभा आहे. परंतु ठाण्याचे वैभव हे वाटेचे वैभव होते. भोवतालच्या खेड्यांची शेती पावसावर व विहिरीवर चाले.

या भागातील विहीर ही सहज साधणारी गोष्ट नाही. जमिनीखाली दख्खनच्या काळ्या पत्थराचे थरावर थर आहेत. वरची माती व मुरूम गेला की कठीण खडक लागतो, व पाणी असेल तर ते खडकाच्या सांध्यांत किंवा मांजऱ्या खडकाच्या थरात असते. ते किती खोल लागेल, लागेल की नाही, हे खणल्यावाचून नक्की कळत नाही. सुरुंगाने खडक फोडावयाचा, पहार व घण यांनी तो सुटा करावयाचा आणि यारीने दगड वर ओढावयाचा, असे हे काम. ते करणारे मजूर बहुधा स्वतः अल्पभूधारक असतात. दुष्काळ वाढला की विहिरींची मागणी वाढते, पण शेतकऱ्याच्या हाती पैसा उरत नाही; म्हणून मजुराची मिळकत पाण्याइतकीच बेभरवशाची राहते.

दत्तू भोकनळ यांचा जन्म १९९१ मध्ये अशा एका मजूर कुटुंबात झाला. वडील बबन हे विहिरी खोदण्याचे काम करीत. घरची स्थिती बेताची असल्याने दत्तू यांच्या शाळेत खंड पडला व ते वडिलांबरोबर कामावर जाऊ लागले. पुढे शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हाही शिकत असताना त्यांना मजुरी करावी लागली. काही काळ त्यांनी पेट्रोलपंपावर काम केले. वडिलांच्या निधनानंतर घरातील थोरला मुलगा म्हणून कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला. २०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात अवर्षण पडले व ते पुढील उन्हाळ्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागास जाणवत राहिले, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भरतीमागे खेळाची इच्छा नव्हती. निश्चित वेतनाची गरज होती.

या ठिकाणी जिल्ह्यातील दुसऱ्या एका ऑलिंपिक खेळाडूचे स्मरण होते. रिओच्याच स्पर्धेत मॅरेथॉन धावलेल्या कविता राऊत या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्याच्या. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक व त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. जिल्ह्याच्या अतिपावसाच्या टोकाकडून एक व कोरड्या टोकाकडून एक, असे दोन खेळाडू एकाच ऑलिंपिकला गेले. दोघांच्या मार्गांत मात्र महत्त्वाचा भेद आहे. धावण्यास प्रारंभी वाट पुरते. कविता राऊत यांचे धावणे त्यांच्या पाड्यातच सुरू होऊ शकले व नाशिक शहरातील प्रशिक्षकांच्या हाती ते परिपक्व झाले. एकेरी नौकेचा प्रारंभ तळेगाव रोहीत होणे कोणत्याही परिस्थितीत शक्य नव्हते. भोकनळ यांच्या बाबतीत संस्थेचे स्थान निर्णायक आहे ते यासाठी.

४. आश्रयदात्यांची परंपरा

महाराष्ट्रातील व्यायामविद्येचा इतिहास हा बव्हंशी आश्रयाचा इतिहास आहे. नाशिक जिल्ह्यापुरते पाहिले तरी याचा प्रत्यय येतो. मल्लखांबाचे आद्य गुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर हे निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या कोठुरे गावचे. त्यांची विद्या फुलली ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाने. पेशवाई गेल्यावर आश्रय संस्थानांकडे आला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यावर. १९५२ मध्ये संस्थान उरले नव्हते व सरकारी मदतही पुरेशी नव्हती. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. हेलसिंकीत खाशाबांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दरबार, संस्थान, लोकवर्गणी व गुरुजनांचा त्याग अशा पायऱ्यांनी ही परंपरा खाली आली. तिच्यात खेळाडूचे भवितव्य आश्रयदात्याच्या स्वास्थ्यावर व सहृदयतेवर अवलंबून असे.

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेत एक नवा आश्रयदाता स्थिर झाला, तो म्हणजे सैन्यदल. नौकानयनाच्या बाबतीत त्याचे कारण सैन्याच्या कामातच आहे. अभियंता पलटणींस नद्या ओलांडून फौज न्यावी लागते, तरते पूल बांधावे लागतात. पाणी व नौका हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. मुंबई इलाख्यातील अभियंता पलटणीचे, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे, ठाणे एकोणिसाव्या शतकापासून पुण्याजवळ खडकीस आहे. जवळच दापोडीच्या बाजूस लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे व तेथे सैन्याचे नौकानयन केंद्र चालते. जे साधन एकेकाळी क्लबाच्या सभासदालाच लाभत असे, ते येथे शिपायास कर्तव्याचा भाग म्हणून मिळू लागले. ज्या व्यवसायामुळे १९३६ मध्ये पोलीस शिपायांना हेन्लीचे दार बंद झाले, त्याच प्रकारचा व्यवसाय भारतात या खेळाचे दार ठरला. केवढा हा पालट!

दख्खनच्या कोरडवाहू खेड्यांचा व शिपाईगिरीचा संबंध जुना आहे. दसरा उलटला की शेतीतून मोकळा झालेला मनुष्य मुलूखगिरीस निघे. शेतात पुरेसे पिकत नाही तेथे तलवार हा जोडधंदा होतो. या दृष्टीने पाहता २०१२ मध्ये तळेगाव रोहीच्या तरुणाचे खडकीस जाणे हा नवा प्रकार नव्हता. नवे होते ते पुढचे पाऊल. सहा फुटांहून अधिक असलेली त्यांची उंची लष्करातील प्रशिक्षकांच्या नजरेत भरली. प्रथम त्यांस बास्केटबॉलकडे वळवण्यात आले, व नंतर प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्यांस नौकानयनास घेतले. प्रारंभी पाण्याची भीती वाटत असे, असे भोकनळ यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. लांब हातपाय हे या खेळात मोठे भांडवल असते, कारण वल्ह्याचा प्रत्येक फटका तितका लांब पडतो. विहीर खोदण्याने शरीर कसले गेले म्हणून ते नौकापटू झाले, असे एक मत वृत्तपत्रांतून पुन्हा पुन्हा मांडले गेले. ते जपूनच स्वीकारावे लागेल. अंगमेहनतीने शर्यतीचे शरीर आयते मिळते हीच हेन्लीच्या नियमामागील समजूत होती. मेहनतीने सहनशक्ती येते हे खरे. पण शर्यतीचे तंत्र, श्वासाचा हिशेब व पाण्याची जाण या गोष्टी रोजच्या सरावानेच येतात, आणि असा सराव करण्यास पोटाची चिंता मिटलेली असावी लागते. सैन्याने प्रथम दिली ती हीच निश्चिंती.

५. चुंगजू व रिओ

प्रगती वेगाने झाली. २०१५ मध्ये बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भोकनळ यांनी एकेरी शर्यतीचे रौप्यपदक मिळवले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे आशिया व ओशिआनिया विभागाची पात्रता स्पर्धा झाली. तीत दुसरा क्रमांक मिळवून त्यांनी रिओचा प्रवेश निश्चित केला. वल्हे प्रथम हाती घेतल्यापासून हा काळ चार वर्षांहूनही कमी भरतो. याच सुमारास त्यांच्या आईस अपघात होऊन गंभीर दुखापत झाली व तिच्या स्मरणशक्तीवर परिणाम झाला. मुलगा कोठे निघाला आहे हे तिला नीट उमगण्याजोगी स्थिती राहिली नाही.

रिओची शर्यत रॉड्रिगो दि फ्रायतास या समुद्रानजीकच्या सरोवरावर झाली. तेथील आकडे वाचताना काही सावधगिरी आवश्यक आहे. पहिल्या फेरीत भोकनळ आपल्या गटात तिसरे आले व उपांत्यपूर्व फेरीत गेले. वेळ ७ मिनिटे २१.६७ सेकंद. उपांत्यपूर्व फेरीत त्यांची वेळ ६ मिनिटे ५९.८९ सेकंद झाली व क्रमांक चौथा आला. प्रत्येक शर्यतीतील पहिले तिघे पुढे जाणार होते, त्यामुळे पदकाची वाट एका क्रमांकाने बंद झाली. नंतर तेरा ते अठरा या स्थानांसाठी झालेल्या शर्यतीत ६ मिनिटे ५४.९६ सेकंद ही वेळ नोंदवून ते पहिले आले.

पहिल्या व शेवटच्या वेळेत सुमारे २७ सेकंदांचे अंतर आहे. ते पाहून आठवड्याभरात त्यांचा खेळ तेवढा सुधारला असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे होईल. पहिल्या दिवशी सरोवरावर जोराचा वारा होता व लाटा उसळत होत्या. सर्बियाची एक नौका त्या दिवशी उलटली, आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यती हवेमुळे रद्द कराव्या लागल्या. पाण्यावरच्या शर्यतीत वेळ ही हवेच्या स्वाधीन असते. म्हणून या खेळात जागतिक विक्रम हा शब्द टाळून सर्वोत्तम वेळ असा शब्द वापरण्याची प्रथा आहे. सुवर्णपदक मिळवणारे न्यूझीलंडचे माहे ड्रायस्डेल यांची अंतिम शर्यतीतील वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद होती, व क्रोएशियाच्या दामिर मार्टिन यांची वेळही तीच भरल्याने छायाचित्रावरून निकाल द्यावा लागला. ही वेळ भोकनळ यांच्या शेवटच्या वेळेशेजारी ठेवली तर साडेतेरा सेकंदांचे अंतर दिसते, पण दोन्ही शर्यती वेगवेगळ्या असल्याने तेही केवळ अंदाजापुरते घ्यावे. भरवशाचा पुरावा क्रमांकाचाच आहे.

तो पुरावा परंपरेच्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. ऑलिंपिक नौकानयनात भारत प्रथम उतरला तो २००० च्या सिडनी स्पर्धेत. एकेरी नौकेत २००८ मध्ये बजरंगलाल ताखर एकविसावे, २०१२ मध्ये स्वर्णसिंग सोळावे, २०१६ मध्ये भोकनळ तेरावे आणि २०२४ मध्ये बलराज पनवार तेविसावे आले. २०२१ मध्ये टोकियोत अर्जुनलाल जाट व अरविंदसिंग यांनी हलक्या वजनाच्या दुहेरी नौकेत अकरावे स्थान मिळवले. हे सर्वजण सैन्यातील होत. राजस्थान, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व महाराष्ट्र अशा ज्या प्रांतांतून ते आले, तेथील खेड्यांत शर्यतीच्या नौकेची परंपरा नव्हती. भोकनळ यांची कारकीर्द अपवाद म्हणून वाचली जाते. या यादीत ठेवली की ती एका पद्धतीचे उदाहरण ठरते.

६. पालेंबांग आणि त्यानंतर

पद्धतीचे सामर्थ्य जसे या कारकीर्दीत दिसते, तशी तिची मर्यादाही दिसते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील नौकानयन इंडोनेशियातील पालेंबांग येथे झाले. एकेरी शर्यतीत भोकनळ यांस अपयश आले. त्या वेळी त्यांची प्रकृती बरी नव्हती. त्यानंतर २४ ऑगस्ट रोजी स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासह ते क्वाड्रुपल स्कल्स, म्हणजे चौघांच्या व प्रत्येकी दोन वल्ह्यांच्या नौकेत उतरले. भारताने ही शर्यत ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत जिंकली. आशियाई स्पर्धेत भारतास नौकानयनाचे पहिले सुवर्णपदक ताखर यांनी २०१० मध्ये ग्वांगजूस मिळवून दिले होते. त्यानंतर आठ वर्षांनी आलेले हे सुवर्ण होते.

परंतु त्याच स्पर्धेतील एकेरी शर्यत पुढे वादाचा विषय झाली. शर्यत मध्येच सोडली, असा ठपका ठेवून भारतीय नौकानयन महासंघाने २०१९ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आजारपणामुळे तसे घडले, असे भोकनळ यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२० मध्ये महासंघाने बंदी उठवली, व त्याच वर्षी भारत सरकारने त्यांस अर्जुन पुरस्कार दिला. दोष कोणाचा याचा निवाडा करणे हे इतिहासलेखनाचे काम नव्हे. कालक्रम मात्र बोलका आहे. बंदीचे महिने हे टोकियो ऑलिंपिकच्या तयारीचे महिने होते, व त्या वेळी खेळाडूचे वय अठ्ठावीस वर्षांचे, म्हणजे या खेळात ऐन उमेदीचे होते. टोकियोच्या भारतीय चमूत त्यांचे नाव नव्हते.

हौशी क्लबाचा सभासद चालकांशी पटले नाही तर आपली नौका घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. शिपाई-खेळाडूची नौका, सरोवर, शिक्षक, रजा व निवड ही सर्व सरकारी संस्थांच्या व महासंघाच्या हाती असतात. तेथे मतभेद झाला की पर्यायी वाट उरत नाही. पूर्वी आश्रयदाता दरिद्री झाला तर खेळाडू निराधार होई; आता आश्रयदाता समर्थ असूनही खेळाडू निराधार होऊ शकतो. अशा वेळी खेळाडूची बाजू वेळीच ऐकून घेणारी यंत्रणा नसेल, तर निर्णय पुढे फिरला तरी वाया गेलेला हंगाम परत येत नाही.

७. तलवारबाजीचा दाखला

हा प्रश्न नौकानयनापुरता नाही, हे तलवारबाजीच्या उदाहरणावरून दिसून येते. दांडपट्टा, फरीगदका यांची परंपरा असलेल्या या देशातून ऑलिंपिकला पहिला तलवारपटू गेला तो २०२१ मध्ये टोकियोस, व ती होती चेन्नईची सी. ए. भवानी देवी. एका पुजाऱ्याच्या घरी १९९३ मध्ये जन्मलेल्या या मुलीने शाळेत असताना २००४ मध्ये हा खेळ सुरू केला. तलवारी महाग, म्हणून सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी झाला. तिचे पुढील शिक्षण केरळातील तलश्शेरीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सागर लागू यांच्या हाताखाली व नंतर इटलीत निकोला झानोत्ती यांच्याकडे झाले. २६ जुलै २०२१ रोजी तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझी हिला १५-३ असे हरवले. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने हिने तिचा १५-७ असा पराभव केला. २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले.

दांडपट्ट्यातून ऑलिंपिकची तलवारबाजी निघाली नाही, तशीच कोळ्याच्या होडीतून ऑलिंपिकची नौकाही निघाली नाही. ऑलिंपिकमधील या दोन्ही विद्या युरोपच्या विशिष्ट वर्गांनी नियमबद्ध केलेल्या आहेत, आणि देशी कौशल्य हे त्यांचे प्रवेशपत्र ठरत नाही. चेन्नईच्या मुलीस तलश्शेरीचे केंद्र मिळाले, चांदवडच्या मुलास खडकीची पलटण मिळाली. भवानी देवीच्या मार्गात मात्र एकापेक्षा अधिक दारे होती: शाळा, शासकीय केंद्र, खासगी साहाय्य व परदेशी गुरू. भोकनळ यांच्या मार्गास दार एकच होते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भोकनळ यांची कारकीर्द ही नौकानयनाच्या सामाजिक इतिहासातील एका दीर्घ बदलाचा भाग आहे. ज्या खेळाने नियम करून मजुरास बाहेर ठेवले, त्या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत विहिरीवर राबलेला मजूर तेराव्या स्थानी आला. दुसरी, हा बदल केवळ वैयक्तिक जिद्दीने घडला नाही. जिद्द आवश्यक होतीच. पण ती खडकीस पोहोचली नसती तर तिचा उपयोग दुसऱ्या एखाद्या विहिरीवर झाला असता. जिद्दीची कथा सांगताना संस्थेचा उल्लेख गळला, तर पुढील पिढीस उपदेश मिळतो पण मार्ग मिळत नाही. तिसरी गोष्ट अशी की, एकाच संस्थेवर टेकलेला मार्ग अरुंद असतो. ज्याला सैन्यात भरती होता आले नाही, अशा तळेगाव रोहीच्या दुसऱ्या उंच मुलास, अथवा त्याच्या बहिणीस, हे वल्हे हाती लागण्याचा संभव फार थोडा राहतो. आणि ज्याला ते लागले त्याचेही स्थान एका निर्णयाने डळमळते.

नाशिक जिल्ह्यात धरणे व जलाशय आहेत. गंगापूर धरणाच्या पाण्यावर नौका चालवण्याची सोयही झाली आहे. चांदवडच्या मुलास दोन हजार मीटरचे पाणी शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागू नये, एवढी भौतिक अनुकूलता उपलब्ध आहे. तिचा उपयोग कोण करणार व कोणासाठी करणार, हा प्रश्न जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासाचे पुढील प्रकरण ठरवील.